खांबपुरतं चार्जिंग

घरत सरांनी विजेवर चालणारी स्कूटर घेतली, ही बातमी पेणमध्ये स्कूटरच्या आधी येऊन पोचली. अक्षय्य तृतीयेचा दिवस होता. सगळी बिल्डिंग पुढच्या फाटकाशी रस्त्याकडे तोंड करून स्वागताला उभी होती. सर मागच्या फाटकाने आले आणि गाडीला आवाज नाही, त्यामुळे कुणाला पत्ताच लागला नाही. सर बराच वेळ गर्दीच्या पाठीमागे गाडीवर बसून राहिले. शेवटी त्यांनीच पुढच्या माणसाला विचारलं, "काय रे, कोण यायचंय?"

"घरत सर यायचेत, नवीन गाडी घेऊन," तो मान न वळवता म्हणाला. "तुम्ही जरा बाजूला घ्या."

दत्तात्रेय घरत म्हणजे पेणच्या शाळेतले विज्ञानाचे सर. वीज हा त्यांचा हातखंडा विषय. विद्युतघटाला दोन अग्रं असतात हे त्यांनी अर्ध्या तालुक्याला पाठ करायला लावलं होतं. अशा माणसाने विजेची गाडी घ्यायची नाही तर काय पेट्रोलपंपावर रांगेत उभं राहायचं? पण ही साधी गोष्ट लोकांना पटेना, आणि लोकांना पटत नाही तोवर सरांना चैन पडेना. इथेच सगळं बिनसलं.

शेजारचे विलासदादा पाटील म्हणजे एसटीचे निवृत्त ड्रायव्हर आणि सोसायटीचे सेक्रेटरी. त्यांनी गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली, टायरला लाथ मारून पाहिली, सीटवर कान टेकला.

"सर, गाडी ब्येस हाय. पन बंद का ठेवलीय?"

"दादा, चालू आहे."

"मग आवाज?"

"आवाज नसतोच हिला."

विलासदादांचा चेहरा पडला. "आवाज नाय ती गाडी कसली ओ? घोरनारा मानूस घोरायचा थांबला तर बायको त्याला हलवून बघते. तुमच्या गाडीला मी दर टायमाला हलवून बघू काय?"

त्याच दिवशी अंगणात पूजा झाली. गुरुजींनी चाकाखाली लिंबू ठेवलं, कुंकू लावलं, नारळ फोडला आणि हार बांधायला उजव्या मुठीला हात घातला. पेट्रोलची गाडी चालू असली तर धडधडून तसं सांगते. ही बया मुकाट उभी होती, आणि सर चावी बंद करायला विसरले होते. गुरुजींनी गाठ पक्की बसावी म्हणून मूठ जरा पिळली मात्र, गाडी लिंबू चिरडून, गुरुजींना हारासकट ओढत, थेट राणीवहिनींच्या पापडांवर गेली. राणीवहिनी म्हणजे विलासदादांच्या पत्नी. पेणची बाई ऊन वाया घालवत नाही, त्यामुळे वैशाखात आमच्या अंगणात पाय ठेवायला जागा नसते, सगळीकडे पोह्याचे पापड. त्या दिवशी त्यांतल्या कितीतरी पापडांवर टायरची नक्षी उठली.

"सर, आता काय करू ओ ह्यांचं? तळले तर चाकं फुलून येतील वर!" राणीवहिनी कपाळाला हात लावून म्हणाल्या.

सरांनी ते सगळे पापड घरी नेले. पुढे पावसाळाभर घरत कुटुंब वरणभाताबरोबर चाकं खात होतं.

मग सोसायटीची सभा. सभेपुढे विषय दोन. पहिला, आवाज नसल्यामुळे होणारे अपघात. दुसरा, गाडी चार्जिंगला लावली की फुटते, असं प्रत्येकाने आपापल्या मोबाईलवर पाहिलेलं. सरांनी फळा आणि खडू आणून बॅटरीच्या आतली रचना काढून दाखवली. लोकांनी ती शांतपणे पाहिली आणि मग ठराव केला की फुटणार असेल तर अंगणात फुटावी, जिन्याखाली नको, आणि शेजारी वाळूच्या दोन बादल्या असाव्यात. बादल्या आल्या. बिल्डिंगमधल्या समस्त मांजरांची त्या दिवसापासून फार सोय झाली.

आवाजाचा प्रश्न विलासदादांनी स्वतः सोडवला. त्यांच्या गावच्या घरी बैलांची जुनी घुंगुरमाळ होती. ती त्यांनी आणून स्कूटरच्या पुढच्या बाजूला तारेने करकचून आवळली. "आता कसं," ते समाधानाने म्हणाले, "आता गाडी आल्यासारखी वाटते."

तेव्हापासून घरत सर शाळेत जाताना छुम छुम छुम छुम करत जाऊ लागले. नववीतली मुलं त्यांना पाठीमागे काय म्हणायची ते इथे सांगण्याचं कारण नाही. सर मात्र मान ताठ ठेवून जायचे. नव्या गोष्टीची आधी थट्टा होते, मग चौकशी होते आणि मग लोक ती स्वतः घेतात, असं त्यांचं मत होतं. सध्या गाडी थट्टेवर होती. तिला चौकशीवर आणायचं, हे सरांनी मनावर घेतलं.

आता रोह्याच्या गणपतीकडे वळू, कारण खरा घोळ तिथे आहे.

संध्याताईंचं, म्हणजे सरांच्या पत्नीचं, माहेर रोह्याला. त्या घरी दीड दिवसाचा गणपती, आणि तो पेणहून जावयानेच आणायचा, हा लग्नाच्या पहिल्या वर्षापासूनचा रिवाज. खरं सांगायचं तर सासुरवाडीत सरांना एवढा एकच मान होता. बाकीचे सगळे मान मेहुण्याने, रमेशने, काबीज केले होते. रमेश कंपनीत शिफ्ट इनचार्ज. त्याच्याकडे डिझेलची थोरली जीप. ती सुरू झाली की शेजारच्या घरातली भांडी वाजतात, आणि त्याचा त्याला अभिमान. आषाढात तो पेणला आला, तेव्हा घुंगुरमाळ घातलेली स्कूटर पाहून पोट धरधरून हसला.

"भावोजी, हिला चावी कुठनं देता? पाठीमागं भोक असंल ना?"

सरांना हे लागलं. बायकोदेखत लागलं, म्हणून जास्त लागलं. ते म्हणाले, "रमेश, यंदा रोह्याचा गणपती ह्याच गाडीवरून येईल."

"येईल ना. पन कोणत्या साली?"

"चतुर्थीला. दुपारच्या आत."

"आणि नाय आला तर पुढल्या वर्षापासून गणपती माझ्या जीपमधनं. कबूल?"

"कबूल," सर म्हणाले. संध्याताईंनी आतून जोरात भांडं आपटलं, पण ते उशिरा आपटलं.

मूर्ती शाडूची, हातभर उंचीची. एरवी ती आदल्या दिवशीच निघायची. यंदा गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करणाऱ्या कारागिराच्या बोटाला लागलं होतं, त्यामुळे आमच्या गणपतीचे डोळे चतुर्थीच्या सकाळीच उघडले. निघताना सगळी बिल्डिंग खाली आली. मूर्तीचं तोंड पुढे करावं की धरणाऱ्याकडे, यावर दोन तट पडले. राणीवहिनींनी दूर्वा, काकड्या आणि मोदकपात्र सरांच्या पायांशी रचलं. मोदकपात्र रोह्यालाही असतं हे सांगायची कुणाची छाती झाली नाही. विलासदादांनी नकाशा समजावला.

"नागोठन्यावरनं भिसे खिंडीत घुसू नका. खिंड चढताना ही बसकन मारील. हायवेनं सरळ खांब, कोलाड, मंग रोहा. लांब पडंल, पन सपाट हाय."

संध्याताई मागे बसल्या. मांडीवर मूर्ती, मूर्तीच्या तोंडावर रेशमी रुमाल, त्यावर पावसाची भुरभुर नको म्हणून प्लास्टिक. त्यांच्या माहेरचा नेम असा की एकदा उचललेला गणपती घरच्या पाटावरच टेकवायचा, वाटेत कुठेही खाली ठेवायचा नाही. "तेव्हा कुठं थांबू नका," त्या म्हणाल्या. सर म्हणाले, "छे छे, थांबतोय कशाला?" बॅटरी काठोकाठ भरलेली होती. मोरया म्हणून गाडी छुम छुम करत निघाली.

वडखळच्या नाक्यावर पोलिसाने हात केला.

त्याने लायसन पाहिलं, विमा पाहिला, घुंगुरमाळ पाहिली, मग सरांचं तोंड पाहिलं आणि सलाम ठोकला. "सर! मी अमोल. दहावी ब. तुम्ही मला बाकावर उभा केला होता." सर गहिवरले. "गाडी कशी हाय सर? पावसात शॉक बसतो म्हणतात."

झालं. सरांना याहून गोड प्रश्न जगात दुसरा नव्हता. त्यांनी गाडी स्टँडवर लावली आणि पाणी, वीज आणि रबर यांच्या परस्परसंबंधांवर बोलायला सुरुवात केली. अमोलने सगळं ऐकून घेतलं आणि मग तो शब्द उच्चारला, ज्याने पुढे सरांचा घात केला.

"सर, एक चक्कर मारू?"

आपल्याकडे कुणाची नवीन गाडी दिसली की चक्कर मागायची आणि मालकाने ती द्यायची, हा रिवाज आहे. नाही म्हणणारा माणूस कंजूष ठरतो. त्यातून मागणारा पोलीस आणि वर विद्यार्थी. अमोल गेला तो गेलाच. पोलिसाकडून स्वतःची गाडी परत कशी मागायची याची सोय कायद्यात कुठे आहे हे सरांना ठाऊक नव्हतं. तो बऱ्याच वेळाने आला, घामाघूम आणि खूश. "धरमतरच्या खाडीपर्यंत जाऊन आलो सर! पुलावर फुल सोडली. एकच नंबर!"

"बघितलंस?" गाडी पुढे निघाल्यावर सर मागे वळून म्हणाले. "एक माणूस बदलला."

"माझे हात बदला आधी," संध्याताई म्हणाल्या. "मुंग्या आल्यात."

नागोठण्याला चहाच्या टपरीशी लोकांनीच वेढा घातला. घुंगरांचा आवाज ऐकून आले, बैल दिसेनात म्हणून थांबले. एका चार्जिंगमध्ये किती पळते? जळते का? चढावर मागं येते का? बॅटरी घरात उशाला घेऊन झोपायची का? एक म्हातारा म्हणाला, "ही म्हंजी बायकांची गाडी." दुसरा म्हणाला, "गाडी नाय, मोबाईल हाय. चाकं लावलेला." सरांचे कान लाल झाले. उत्तरं देऊन भागेना तेव्हा त्यांनी स्वतःहून जाहीर केलं, "शंका असेल त्याने चक्कर मारून पाहावी!"

शंका सगळ्यांनाच होती. टपरीवाल्याने चक्कर मारली, गॅरेजवाल्याने मारली, "बायकांची गाडी" म्हणणाऱ्या म्हाताऱ्याने नातवाला मागे बसवून दोनदा मारली. संध्याताई टपरीच्या बाकावर देव मांडीवर घेऊन बसल्या होत्या. येणारा जाणारा त्यांच्या मांडीला नमस्कार करत होता. टपरीवालीने त्यांना चहा पाजला, अक्षरशः पाजला, कारण हात मोकळे नव्हते.

"अहो, देव माझ्या मांडीवर आहे, घड्याळ पुढं चाललंय, आणि तुम्ही लोकमत काय घडवताय?"

"हे शेवटचे," सर म्हणाले. "ह्यांचं मत फार घट्ट होतं."

नागोठणं सोडल्यावर सरांनी पहिल्यांदा गाडीच्या पडद्याकडे पाहिलं. पाहिल्यावर पुन्हा पाहिलं. मग त्यांनी आवाजात शक्य तितका निष्काळजीपणा आणून विचारलं, "काय गं, तुला वजन वाटतंय का मोदकपात्राचं?" लग्नाला इतकी वर्षं झालेल्या बाईला असल्या प्रश्नाचा अर्थ लगेच कळतो. "चार्जिंग संपलं ना?" त्या म्हणाल्या. "संपलं नाही. कमी झालंय," सर म्हणाले.

खांब गावाच्या अलीकडे पडद्यावर एक कासव उमटलं. म्हणजे हे कंपनीनेच दिलेलं असतं. बॅटरी अगदी तळाला गेली की कासव दिसतं आणि गाडी तशी चालू लागते. शेजारून एक सायकलवाला पुढे गेला. मग एक म्हैस पुढे गेली आणि तिने वळून पाहिलं. "बाप्पा," संध्याताई रुमालाला उद्देशून म्हणाल्या, "तुमचा उंदीर बरा होता हो." जरा पुढे कासवही गेलं आणि गाडी हायवेच्या कडेला उभी राहिली. घुंगरं एकदा वाजली आणि थांबली.

रोहा दूर, दुपार जवळ, आणि डोळ्यांपुढे रमेशची जीप. एवढा एकच मान, तोही आपण चहाच्या टपरीवर वाटून टाकला, या विचाराने त्यांना रडूच यायचं बाकी होतं. फोन काढून रमेशला बोलवावं तर पैज गेली. न बोलवावं तर मुहूर्त गेला. त्यांनी फोन काढला, खिशात घातला, पुन्हा काढला.

"ढकला," संध्याताई म्हणाल्या.

हायवेपासून खाली ओढ्याकडे उतरणारी एक पाऊलवाट होती, शेताच्या बांधावरून जाणारी, आणि तिच्या टोकाशी आठदहा घरांची वाडी. सर चिखलातून गाडी ढकलत निघाले, पुढे संध्याताई देवाला घेऊन. ढकलताना घुंगरं पुन्हा वाजू लागली. पहिल्याच घरातून एक बाई पिठाचे हात घेऊन बाहेर आली, इकडे तिकडे बघून म्हणाली, "बैल कुठं गेलं गो?"

ती पारी. मागून तिचा नवरा मोतीराम आला. दोघं मजुरीवर जाणारी, पण आज सणाची सुट्टी.

"चार्जिंग मिळेल का हो?" सरांनी धापा टाकत विचारलं.

"मिळंल की. वाडीत मोबाईल आमच्याकडंच लावतात सगली." मोतीरामने स्कूटरकडे नीट पाहिलं. "गाडी पहिलीच हाय. घ्या आत."

टीव्हीचा प्लग काढून सरांनी चार्जर लावला. हिरवा दिवा लागला. सरांनी सुस्कारा सोडला, आणि त्याच क्षणी वाडीतली वीज गेली. पंखे थांबले. घराघरातून माणसं बाहेर आली आणि सगळ्यांनी एकाच वेळी स्कूटरकडे पाहिलं.

"सगल्या वाडीची लाईट पिली गो हिनं!" कुणीतरी ओरडलं.

"असं होत नाही!" सर दुखावून म्हणाले आणि त्यांनी भिंतीवर बोटानेच रोहित्राची, म्हणजे ट्रान्सफॉर्मरची, आकृती काढायला घेतली. ते मुख्य वाहिनीपर्यंत पोचले तोच वीज परत आली. लोकांची खात्री झाली की सरांनीच भिंतीवर काहीतरी करून ती आणली. मान गेला तसा आला, पण चुकीच्या कारणासाठी. सरांनी ते बोट हळूच खिशात घातलं.

आणि संध्याताई? त्या अजून उंबऱ्याबाहेर उभ्या होत्या. देव अजून हातातच.

"ताय, आत या की. ह्यो काय हाय हातात?" पारीने विचारलं आणि प्लास्टिकखालचा रेशमी रुमाल दिसताच ती थबकली. "देव हाय?"

"रोह्याला न्यायचाय. खाली ठेवता येत नाही. पाटच लागतो."

पारीने पिठाचे हात पदराला पुसले. मग म्हणाली, "दर साली हितनं जातात गनपती. टेंपोतनं, जीपमधनं, वाजत गाजत. आमी रस्त्यावर उभं ऱ्हाऊन हात जोडतो. आमच्या दारात कदी कोन थांबला नाय गो. आज आलाय त्यो, आनी त्येला उंबऱ्यावर उभा ठेवू? पाट हाय आमच्याकडं. आमच्या लग्नातला हाय."

संध्याताई उंबरा ओलांडून आत आल्या. हात तर मघाशीच गेले होते. "मांड," त्या म्हणाल्या, "मांड बाई पाट."

पाट आला. पारीने त्यावर तांदूळ पसरले, चांगले ओंजळभर. संध्याताईंनी "जरा वेळच हं बाप्पा" म्हणत मूर्ती त्यावर ठेवली आणि खांदे सोडले. हाच तो क्षण, ज्याच्यानंतर काहीच कुणाच्या हातात राहिलं नाही. देव दारात आला म्हटल्यावर वाडी जमली. कुणी जास्वंद आणली, कुणी ओढ्याकाठची हिरवीगार दूर्वा. पारीने "गुदमरंल गो त्यो" म्हणत रुमाल बाजूला केला, आणि सकाळीच उघडलेल्या त्या डोळ्यांनी देवाने सगळ्यांत आधी तिला पाहिलं. मोतीरामने ढोलकी काढली. सरांनी स्वतः आरती धरली, कारण आरती चालू असताना विज्ञानाचा माणूसही गप्प उभा राहू शकत नाही. गुळखोबऱ्याचा नैवेद्य दाखवला, मोरया झाला, आणि सगळं आटपल्यावर संध्याताईंनी सरांची बाही ओढली.

"अहो."

"काय?"

"पाट, तांदूळ, दूर्वा, आरती, नैवेद्य. बसला की हो गणपती!"

सर पांढरे पडले. बसलेला गणपती विसर्जनापर्यंत हलवायचा नाही, हे विज्ञानात नसलं तरी त्यांना चांगलं ठाऊक होतं.

रोह्याला फोन लावला. सासूबाईंनी, धोंडुबाईंनी, उचलला. संध्याताईंनी रडत रडत सगळं सांगितलं. मागून रमेशचा आवाज आला, "बोललो नव्हतो मी! खेळणं हाय खेळणं!"

"रम्या, गप," धोंडुबाई म्हणाल्या. "संध्या, पाट होता ना?"

"होता."

"पूजा मनापासनं झाली?"

"आपल्या घरी होते त्याहून मनापासनं झाली, आई."

"मुहूर्त टळला होता?"

"नाही, होता अजून."

मग धोंडुबाई म्हणाल्या, "मग त्याला हितं यायचंच नव्हतं. बसलेला देव उठवायचा नाय. मखर वर्षभर वाट बघंल. मोदक वळून झालेत, ते घेऊन आमी येतो. रम्या, काढ तुझी ती जीप."

जीप आली. दूरवरून भांडी वाजवत आली आणि हायवेच्या कडेलाच थांबली, कारण बांधावरची वाट तिच्या कमरेत मावत नव्हती. धोंडुबाईंचे गुडघे दुखरे, चिखलात पाऊल टाकायची सोय नाही. रमेश एकदा आईकडे बघे, एकदा वाटेकडे. तेवढ्यात खालून छुम छुम छुम आवाज आला. घरत सर, अंग ताठ, चेहरा गंभीर, बांधावरून वर येत होते. गाडी आता बांधापुरती भरली होती.

"बसा आई," सर म्हणाले.

सासूबाई मोदकांचा डबा मांडीवर घेऊन बसल्या. "आवाज नाय हो हिचा, जावईबापू. तुमच्यासारखी हाय, गरीब," त्या म्हणाल्या. लग्न झाल्यापासून सासूने सरांना दिलेलं हे पहिलं प्रशस्तिपत्र. मागून रमेश चप्पल हातात घेऊन चिखल तुडवत आला. शिफ्ट इनचार्जच्या पॅंटला गुडघ्यापर्यंत रंग चढला होता.

पारीने धोंडुबाईंचे पाय धुतले. मोदक वाडीभर पुरले, कारण धोंडुबाई कधी मोजून करत नाहीत. जेवणं झाल्यावर रमेशने विषय काढलाच.

"आई, पन पैज अशी होती की दुपारच्या आत गनपती रोह्याला."

धोंडुबाईंनी सुपारी तोंडात टाकली. "दुपारच्या आत गनपती आनी रोहा एके ठिकानी आली ना? गनपती तिकडं नाय आला, रोहा हिकडं आलं. जावयानं आनला म्हंजे जावयानं आनला." त्यांनी वर लेकाकडे रोखून पाहिलं. "पुढल्या वर्षीही तेच आनतील."

सरांनी उगाच जाऊन गाडीचा प्लग नीट बसलाय का ते पाहिलं. डोळे पुसायला दुसरी जागा नव्हती.

रमेश त्यांच्या मागोमाग आला. थोडा घुटमळला, टायरला लाथ मारली. मग दुसरीकडे बघत म्हणाला, "भावोजी, एक चक्कर मारू?"

दीड दिवस सगळे वाडीतच राहिले. विसर्जन ओढ्यात झालं, आणि पारी कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून पुढल्या वर्षी लवकर या म्हणाली तेव्हा तिचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

आता वर्ष उलटलं आहे. पेणमध्ये विजेच्या गाड्या बऱ्याच दिसू लागल्या आहेत. वडखळच्या अमोलने घेतली आहे. विलासदादांनीही गुपचूप चौकशी केली, फक्त "आवाजाची मिळते काय?" एवढंच विचारलं. आणि परवा पारीचा संध्याताईंना फोन आला. "गो ताय, मूर्ती दोन सांगा, येक आमची. आनी ह्यांनी दारासमोर नवीन बोर्ड बसवलाय, सरांच्या गाडीसाठी. मोठ्या पिनेचा. वाडीत कुनालाच त्यात मोबाईल लावू देत नायत."

चतुर्थीच्या आदल्या दिवशी सकाळी सर अंगणात आले, वाळूच्या बादलीतलं मांजर हाकललं आणि गाडी चार्जिंगला लावली. यंदा कुणाला चक्कर द्यायची नाही असं त्यांनी ठरवलं होतं. बॅटरी पूर्ण भरू द्यायची, म्हणजे थेट रोहा. खाटेवर बसून ते आकडा चढताना बघत होते. आकडा निम्म्यावर आला, तशा संध्याताई दोन मूर्तींसाठी दोन रेशमी रुमाल घड्या करत बाहेर आल्या. त्यांनी पडद्याकडे पाहिलं आणि सरळ प्लग उपटला.

"अगं! हे काय करतेस? खांबपुरतंच झालंय!"

"खांबपुरतंच हवंय," संध्याताई म्हणाल्या. "त्यांनी बोर्ड बसवून वाट बघायची, आणि तुम्ही काय घरून जेवून जाणार?"